शहापूर-मुरबाडच्या आदिवासी मुलांची डॉक्टरकी

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या आदिवासी मुलामुलींनी डॉक्टर होण्याचा इतिहास फार जुना नाही. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये निघाले. त्यानंतर शंभर वर्षे उलटली तरी तानसा-भातसाच्या खोऱ्यांतल्या आणि माळशेजच्या पायथ्याच्या ठाकूर, महादेव कोळी, कातकरी व वारली पाड्यांवरून त्या दारापर्यंत जाणारी वाट तयार झालेली नव्हती. अंतराची अडचण म्हणावी तर तीही मोठी नव्हती. आसनगाव आणि कसाऱ्यापर्यंत रेल्वे १८६० च्या आसपासच पोचली होती. तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले आणि शहापूर तालुक्याचे पाणी मुंबईच्या नळांना आले. पुढे त्यात भातसाची भर पडली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळांना शहापूरचे पाणी मिळू लागले, पण तिथल्या पाड्यांवरची मुले विद्यार्थी म्हणून त्या इस्पितळांत यायला आणखी कित्येक दशके जावी लागली.

याची कारणे जमिनीत आणि शाळेत आहेत. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली ठाणे जिल्ह्यातले डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे, म्हणजे उपतालुके, 'अंशतः वगळलेले क्षेत्र' ठरले. मुरबाड त्या यादीत आले नाही, जरी तिथल्या डोंगरकपारीची वस्ती शहापूरसारखीच होती. या वगळलेल्या क्षेत्रांची पाहणी मुंबई सरकारने डी. सायमिंग्टन या अधिकाऱ्याकडून करवून घेतली. त्याच्या अहवालात जंगलपट्टीतल्या आदिवासींचे चित्र स्पष्ट उतरले आहे: सावकार-जमीनदारांची पकड, वेठ, आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वर्षानुवर्षे मालकाघरी राबणारे लग्नगडी. बाप लग्नगडी असलेल्या घरात मुलाच्या हाती पाटी येणेच दुर्मीळ, तिथे मॅट्रिक आणि पुढे वैद्यकीचा विचार कुठला? बाळ गंगाधर खेर यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ निघाले आणि ठाणे जिल्ह्यात वसतिगृहे व शाळांचे काम सुरू झाले. सरकारी आश्रमशाळांचे जाळे मात्र १९७२ नंतर विणले गेले. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आले, तालुक्यात निवासी शाळा वाढल्या, आणि पहिल्या पिढीची मुले बारावीच्या विज्ञान शाखेपर्यंत पोचू लागली. कातकऱ्यांची वाट याहूनही बिकट राहिली. दिवाळी उलटली की कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडाशी परतते. शाळेचे वर्ष नेमके त्याच महिन्यांत पुढे सरकत असते.

मुंबई आणि तिच्या आसपासच्या लोकांच्या वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास पाहिला तर भेदभाव हा तिथे नवा विषय नव्हता. वेगवेगळ्या काळी तो वेगवेगळ्या लोकांच्या वाट्याला आला. मुरबाडला लागून असलेल्या कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजे पुढची आनंदीबाई, १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. घरी तिला समुद्रापार जाण्याबद्दल दूषणे ऐकावी लागली. तिकडे परका धर्म, परके अन्न आणि सोसवत नाही अशी थंडी यांच्याशी झगडत तिने शाकाहार आणि साडी सोडली नाही. क्षयाने खंगून ती १८८७ मध्ये गेली. धर्म सोडण्याची अपेक्षा बाळगणाऱ्यांत राहून स्वतःचे रूप न सोडता शिकणे ही तिची रीत होती आणि ती रीत तिला एकटीला निभवावी लागली. तरीही तिच्या पाठीशी शिकलेला नवरा होता, अक्षरओळख असलेले घराणे होते आणि तिकडे आसरा देणाऱ्या कार्पेंटरबाईंचे घर होते. शहापूरच्या पाड्यावरून निघालेल्या मुलीपाशी यातले काहीच नसते, हे विसरून आनंदीबाईंचा दाखला देणे अन्यायाचे आहे.

इंग्रजी अमलात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत आणि ते बहुतेक गोरे असत. हिंदी डॉक्टर कितीही हुशार असला तरी मानाची प्राध्यापकी त्याच्यापासून दूर राही. या अन्यायाला उत्तर म्हणून मुंबईत दोन संस्था उभ्या राहिल्या. असहकाराच्या लाटेत १९२१ मध्ये भायखळ्याला नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले. तेच आजचे टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय, नायर रुग्णालयाशी जोडलेले. १९२६ मध्ये परळला सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय सुरू झाले. तिथला अध्यापकवर्ग हिंदीच असावा अशी देणगीदारांची अटच होती. या दोन घटनांचे मोल मोठे आहे. अपमान झाला तेव्हा त्या पिढीने हिंदी विद्यार्थ्याला सोशिक व्हायला सांगितले नाही. त्यांनी पैसा उभा केला, खाटा उभ्या केल्या आणि शिकवण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. आदिवासी विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र हे घडले नाही. त्याला प्रवेश मिळाला, पण ज्यांच्या हाती शिकवण्याचा अधिकार होता त्यांच्यात त्याचे कोणी नव्हते.

तो प्रवेश राज्यघटनेमुळे मिळाला. अनुसूचित जमातींची पहिली यादी ६ सप्टेंबर १९५० ची. १९५६ च्या सुधारित यादीत ठाकूर जमातीला ठरावीक जिल्ह्यांतल्या ठरावीक तालुक्यांपुरतीच मान्यता होती आणि त्या तालुक्यांत शहापूर आणि मुरबाड ही दोन्ही नावे होती. म्हणजे इथल्या ठाकराला आपला तालुका सांगितला की अर्धा पुरावा झाला. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ही तालुक्यांची मर्यादा काढून टाकली. राज्यात इतरत्र विखुरलेल्या खऱ्या आदिवासींना न्याय मिळावा हा त्यामागचा हेतू योग्यच होता, पण नामसाधर्म्याचा फायदा घेणाऱ्यांनाही त्यामुळे रान मोकळे झाले. 'ठाकूर' हे नाव बिगरआदिवासी जातींतही आहे आणि 'कोळी' तर किनाऱ्यापासून देशापर्यंत अनेक समाजांत आहे.

या वादाचे सर्वांत मोठे रणांगण वैद्यकीय प्रवेश हेच झाले. सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा माधुरी पाटील खटला महादेव कोळी असल्याचा दावा करून मिळवलेल्या वैद्यकीय व दंतवैद्यकीय प्रवेशांवरूनच उभा राहिला आणि त्यातून जातप्रमाणपत्रांच्या पडताळणीची पद्धत ठरली. नोव्हेंबर २००० मध्ये मिलिंद खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हलबा-कोष्टी हे हलबा जमातीत मोडत नाहीत असा निर्णय दिला. तिथेही मूळ प्रश्न एमबीबीएसच्या राखीव जागेचा होता. त्या विद्यार्थ्याची पदवी पुरी झालेली असल्याने ती काढून घेतली गेली नाही. पाठोपाठ महाराष्ट्राने पडताळणीचा स्वतंत्र कायदा केला. राखीव जागा बळकावल्या जात होत्या आणि ते थांबवणे आवश्यकच होते. पण त्याची झळ खऱ्या आदिवासी मुलांनाही बसली. पडताळणी समितीला १९५० पूर्वीचा कागद हवा असतो: शाळेच्या दाखल्यातली नोंद, कोतवाल बुकातला उतारा, जमिनीची कागदपत्रे. ज्याचा आजा कधी शाळेत गेला नाही आणि ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्या कातकऱ्याने हा कागद आणायचा कुठून? मग आप्तभाव चाचणी होई. कुलदैवत कोणते, लग्नात धवलेरी काय गाते, मृताचे विधी कसे होतात, असे प्रश्न विचारले जात. आश्रमशाळेत आणि वसतिगृहात वाढलेल्या मुलाला आजीइतके ते सांगता येत नाही. प्रवेशफेरीची तारीख जवळ आलेली असते, आणि आपण खरेच आदिवासी आहोत हे पटवून देण्यात त्या मुलाचा उन्हाळा जातो. वडिलांचे किंवा चुलत्याचे वैधता प्रमाणपत्र असले तर काम सोपे होते. घरातल्या पहिल्याला सर्वांत जास्त त्रास. मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्याच एका संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी धरता येत नाही. स्थलांतराने आणि शिक्षणाने जुन्या चालीरीती पुसट होऊ शकतात. शहापूर-मुरबाडच्या ठाकर मुलांच्या दृष्टीने हा निकाल मोलाचा आहे.

महाराष्ट्रात अनुसूचित जमातींना ७ टक्के आरक्षण आहे. २०११ च्या जनगणनेत त्यांचे लोकसंख्येतले प्रमाण ९ टक्क्यांहून थोडे अधिक होते. प्रवेशाच्या पात्रतेत राखीव प्रवर्गाला सवलत असते. पदवीच्या परीक्षेत मात्र कोणतीही सवलत नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक सर्वांना एकच प्रश्नपत्रिका देते आणि उत्तीर्ण होण्याची रेषाही एकच असते. 'कोट्यातला डॉक्टर' हे शब्द उच्चारणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक असते, निदान ठाऊक असायला हवी, कारण त्याने तीच परीक्षा दिलेली असते.

पूर्वग्रह नेमका कुठे काम करतो हे समजायला वैद्यकीय शिक्षणाची रचना पाहावी लागते. लेखी उत्तरपत्रिकेवर नाव नसते, त्यामुळे तिथे फारसे बिघडत नाही. पण वैद्यकी निम्म्याहून अधिक हाताखाली शिकायची विद्या आहे. युनिटमध्ये प्राध्यापक, व्याख्याते, वरिष्ठ निवासी, मग तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या वर्षाचे कनिष्ठ निवासी अशी उतरंड असते. शस्त्रक्रियेला हात धुऊन टेबलाशी कोणी उभे राहायचे, टाके कोणी घालायचे, प्रसूतिकक्षातली अवघड केस कोणाच्या हाती द्यायची आणि कोणी रक्ताचे नमुने घेऊन प्रयोगशाळेच्या खेपा घालायच्या, हे वरचा ठरवतो. ज्याबद्दल तक्रार करता येईल असा लेखी हुकूम नसतो. एखाद्याला सहा महिने फक्त कागदपत्रांच्या कामावर ठेवले तर त्याचा हात तयार होत नाही, आणि मग हात तयार नाही हेच त्याच्या नालायकीचा पुरावा म्हणून दाखवले जाते. तोंडी परीक्षेतही तसेच. नाव आणि आडनाव समोर असते, इंग्रजी अडखळते, आणि उत्तर बरोबर असूनही परीक्षकाचे मन आधीच बनलेले असू शकते.

हे निव्वळ तर्काने सांगितलेले नाही. २००६ च्या आरक्षणविरोधी आंदोलनानंतर दिल्लीच्या एम्समधल्या तक्रारींची चौकशी करायला केंद्र सरकारने समिती नेमली. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात तिचे अध्यक्ष होते. मे २००७ च्या तिच्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी शिक्षकांचे पुरेसे साह्य न मिळणे, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षेत वेगळी वागणूक, आणि वसतिगृहात व खेळाच्या मैदानावर बाजूला टाकले जाणे नोंदवले आहे. छळाला कंटाळून खोल्या बदलत बदलत ही मुले वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकत्र आली होती. ब्रिटनमधला अनुभवही याच जातीचा आहे. १९९३ मध्ये अनीझ एस्माइल आणि सॅम एव्हरिंग्टन या डॉक्टरांनी सारख्याच पात्रतेचे बनावट अर्ज इंग्रजी आणि आशियाई नावांनी रुग्णालयांकडे पाठवले. इंग्रजी नावांना मुलाखतीचे बोलावणे दुप्पट वेळा आले. त्या दोघांना अटकही झाली, पण पुढे त्या देशातल्या वैद्यकीय संस्थांनी उमेदवारांच्या वंशानुसार परीक्षांचे निकाल मोजायला आणि जाहीर करायला सुरुवात केली. आपल्याकडे अशी मोजदाद रूढ झालेली नाही.

आदिवासी विद्यार्थी याला तोंड कसे देतात? सर्वांत सरसकट आढळणारी रीत म्हणजे गप्प राहणे आणि दुप्पट काम करणे. 'रँक किती?' हा प्रश्न पहिल्या आठवड्यात वसतिगृहात विचारला जातो आणि त्यातून प्रवर्ग काढून घेतला जातो. प्रवेशाच्या जाहीर याद्यांत नावापुढे प्रवर्ग छापलेलाच असतो, त्यामुळे लपवण्यासारखे काही उरत नाही. कातकऱ्यांत पवार, जाधव अशी आडनावे आहेत, ती मराठ्यांतही आहेत. अशा मुलांना काही दिवस ओळख झाकता येते. मुकणे किंवा हिलम आडनावाच्या मुलाला तेवढीही सोय नाही. ओळख झाकणे ही भित्रेपणाची खूण मानू नये. दिवसाचे सोळा-अठरा तास काम करणाऱ्या निवासी डॉक्टरने रोजच्या टोमण्यांतून थोडी सुटका शोधली, इतकाच त्याचा अर्थ.

दुसरी रीत एकत्र राहण्याची. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात ओळख झालेली मुले कॉलेजातही एकमेकांना धरून राहतात. वरच्या वर्षातल्या मुलाच्या वह्या, मागच्या तोंडी परीक्षांतले प्रश्न, कोणत्या युनिटात कोण शिकवतो याची माहिती हातोहात खाली येते. ज्या मुलाच्या घरी डॉक्टर आहे त्याला हे सारे जेवणाच्या ताटावर मिळालेले असते. पाड्यावरच्या मुलाला ते त्याच्या गावचा, त्याच्या जमातीचा वरच्या वर्षातला मुलगा देतो. या गटांना 'वेगळे राहतात' म्हणून नावे ठेवली जातात, पण बहुतेक वेळा बाहेरची दारे बंद झाल्यावरच माणसे आत गोळा झालेली असतात.

तिसरी रीत भाषेची आहे आणि तिचे मोल संस्थांनी अजून ओळखलेले नाही. मराठी माध्यमाच्या आश्रमशाळेतून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राची इंग्रजी पुस्तके डोंगरासारखी वाटतात. अनेकांचे पहिले वर्ष त्यातच अडखळते. पण तोच मुलगा वॉर्डात गेला की चित्र पालटते. शहापूर आणि मुरबाडहून अवघडलेल्या बाळंतिणी, सर्पदंशाचे रुग्ण, कुपोषित बालके ठाण्याला, कळव्याला, मुंबईला पाठवली जातात. घाबरलेली कातकरी बाई इंग्रजाळलेल्या मराठीत विचारलेल्या प्रश्नांना मान हलवत राहते. तिच्या बोलीत कोणी बोलले तर ती भगताकडे कधी गेली, कोणता पाला बांधला, दुखणे नेमके कधी उठले, हे सगळे सांगते. रोग्याचा इतिहास नीट घेता येणे हे निदानातले पहिले कौशल्य आहे. ते ज्याच्यापाशी आहे त्याला मागासलेला समजणे हे वैद्यकीय दृष्टीनेही चूक आहे.

या साऱ्या रीती विद्यार्थ्याने स्वतः शोधलेल्या आहेत आणि त्यांना मर्यादा आहेत. २२ मे २०१९ रोजी त्या मर्यादा साऱ्या राज्याने पाहिल्या. जळगावची, तडवी भिल्ल जमातीची, मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेली डॉ. पायल तडवी नायर रुग्णालयात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्या दिवशी तिने वसतिगृहाच्या खोलीत आत्महत्या केली. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांनी जमातीवरून आणि आरक्षणावरून तिला सतत हिणवले, कामापासून दूर ठेवले, असा आरोप घरच्यांनी केला. आत्महत्येस प्रवृत्त करणे, अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि रॅगिंगविरोधी कायदा यांखाली गुन्हा नोंदला गेला, तिघींना अटक झाली, जुलैत आरोपपत्र आले, ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शिक्षण पुरे करण्याची मुभा दिली. आरोपांचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. पण आईने महिनोन्‌महिने काळजी केली, कुटुंबाने तक्रार केल्याचे सांगितले, आणि तरीही पायलला त्याच युनिटात, त्याच लोकांच्या हाताखाली शिकावे लागले, यातून संस्थेची रचना दिसते. १९२१ मध्ये एका भेदभावाला उत्तर म्हणून जन्मलेल्या महाविद्यालयाला शंभरी भरायला दोन वर्षे उरली असताना हे घडले.

कायदे तेव्हाही होते. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा, अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, विद्यापीठ अनुदान आयोगाचे समतेविषयीचे नियम २०१२ चे. पायलची आई आबेदा तडवी आणि हैदराबादला आत्महत्या केलेल्या विद्यार्थी रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघींनी २०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली की हे नियम कागदावरच राहिले आहेत. २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय महाविद्यालयांसाठी रॅगिंगचे नवे नियम काढले. पण रॅगिंग आणि जातीय भेदभाव या दोन गोष्टी एकाच पिशवीत कोंबणे चुकीचे आहे. रॅगिंग वर्षभराने संपते, कारण कनिष्ठ वरिष्ठ होतो. जमातीवरून होणारा भेद वर्ष बदलल्याने संपत नाही. आणि तो मारहाणीच्या किंवा शिवीगाळीच्या रूपात दिसलाच पाहिजे असे नाही. टेबलाशी न बोलावणे हे त्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत घातक रूप आहे, आणि ते कोणत्याही रॅगिंग समितीच्या नजरेत भरत नाही.

उपाय अवघड नाही. निवासी डॉक्टरांच्या लॉगबुकात कोणी किती प्रसूती केल्या, किती शस्त्रक्रियांत साहाय्य केले, किती स्वतः केल्या, याची नोंद असते. विभागप्रमुखाने दर सहा महिन्यांनी तिची प्रवर्गवार बेरीज करावी, तोंडी परीक्षेचे गुण लेखी गुणांशी ताडून पाहावेत, तफावत दिसली तर अधिष्ठात्याने युनिट बदलून द्यावे, आणि हे आकडे महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर दरवर्षी छापावेत. डोळखांब, कसारा आणि धसईच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना पाड्यावरची बोली जाणणारे डॉक्टर हवे आहेत. ते घडवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने ही बेरीज येत्या सत्रापासून सुरू करावी.